एक कडवं कमी

आमच्या घरात सकाळी घड्याळाकडे कुणी बघत नसे, कारण आई गात असे. ओट्याशी उभी राहून पोळ्या करताना ती एकच गाणं म्हणायची. सहा कडव्यांचं, सावकाश, प्रत्येक ओळ दोनदा. कडव्यागणिक एक पोळी; तीन माझ्या डब्यात, तीन बाबांच्या. पहिलं कडवं सुरू होताना मी अंघोळ करून बाहेर आलेली असायचे. तिसऱ्याला बाबा वर्तमानपत्राची घडी करायचे. पाचव्याला मी बूट घालायला बसायचे आणि सहावं संपलं की डबा हातात. मग दहा मिनिटं चालत मुनिरक्याचा स्टॉप आणि तिथून सहा पन्नासची कंपनीची बस. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कागदपत्रं सांभाळायचं काम करते.

गाणं प्रभूचं होतं. चाल मात्र जात्यावरच्या ओवीची.

उजाडलं बाई, प्रभू दारी आला,
हाती त्याच्या घागर, पाय धुवायाला.

हे आईनं तिच्या मावशीकडून घेतलं होतं. मावशी नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. गाणं तिनंच रचलं असं आई सांगते. आमच्या गीतांच्या कुठल्याही पुस्तकात ते नाही.

मी दिल्लीतच वाढले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आर. के. पुरमला तिसऱ्या मजल्यावर आमचं क्वार्टर. पहाडगंजला मराठी शाळा आहे, पण ती लांब पडते, आणि बाबांना मला इंग्रजीतच घालायचं होतं. त्यामुळे माझं मराठी म्हणजे संध्याकाळच्या उपासनेत आळीपाळीनं वाचायची वचनं आणि आईचं गाणं. घागर म्हणजे काय ते मी चौथीत असताना विचारलं होतं. आईनं न्हाणीघरातली बादली दाखवून सांगितलं, "हिची आजी."

शाळेत मुली विचारायच्या, "तुम लोग मराठी हो कि क्रिश्चियन?" दोन्ही म्हटलं की त्या हसायच्या, एकच सांग म्हणायच्या. मी काहीच सांगेनाशी झाले. पुढे कॉलेजात आणि नोकरीत तीच सवय राहिली. मी बघते सगळं, बोलते कमी. लोकांना ते शहाणपण वाटतं. खरं तर बहुतेक वेळा मला काय वाटतं ते माझं मलाच ठरलेलं नसतं.

घरात काय यावं आणि काय येऊ नये, याची निवड आई माझ्या लहानपणापासून करत आली होती, पण तिनं त्यावर कधी प्रवचन दिलं नाही. वर्तमानपत्रातलं राशिभविष्याचं पान ती आतल्या बाजूला जाईल अशी घडी घालायची. मालिकेत सासू सुनेला टाकून बोलायला लागली की टीव्ही बंद करायची, म्हणायची, "हे बोलणं घरात राहतं, मग काढता येत नाही." शेजारून प्रसाद आला तर दोन्ही हातांनी घ्यायची, "थँक्यू वहिनी" म्हणायची आणि दुपारी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांसाठी बांधून द्यायची. लहान असताना मी एकदा विचारलं, "खायचं नाही तर घ्यायचं कशाला?" ती म्हणाली, "देणारीचे हात रिकामे कुठे परत पाठवायचे?" मला ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी ते आणखीच अपुरं वाटायला लागलं, आणि त्याला कारण बस होती.

बसमध्ये जायला सव्वा तास, यायला कधी दोन तास. मी कानात इअरफोन घालून बसायचे. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता फोननं आपणहून मला एक आवाज आणून दिला. परदेशातला एक उपदेशक, माझ्या शाळेच्या भाषेत बोलणारा. ख्रिस्ती माणसानं आपल्या डोळ्यांतून, कानांतून, दारातून काय आत येतं ते पारखलं पाहिजे, हा त्याचा विषय. पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा बरं वाटलं. कुणीतरी मला माहीत असलेलीच गोष्ट नीट मांडत होतं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या याद्या सुरू झाल्या. ही सात गाणी, ह्या पाच वस्तू, हे तीन सण. तो कधी अडखळत नसे. "कदाचित" हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. ज्या मुलीचं काहीच ठरलेलं नसतं तिला असा आवाज किती गोड लागतो, हे मला कुणाला समजावून सांगता येणार नाही.

आधी मी माझ्या फोनमधली गाणी काढली. मग भिंतीवरचं मोराचं चित्र. मग बैठकीच्या खोलीतला पितळी दिवा, जो एका साहेबांनी बदली होऊन जाताना बाबांना दिला होता. मी तो कपाटात मागे ठेवला. बाबांनी संध्याकाळी मोकळ्या जागेकडे बघितलं.

"इथला दिवा कुठे गेला?"

"आत ठेवलाय. तो पूजेचा असतो, बाबा."

"आपण त्यात रिमोट ठेवायचो," बाबा म्हणाले. "ठीक आहे. कुठल्या वस्तूंना मंजुरी आहे त्याची एक यादी काढ आणि नोटीस बोर्डावर लाव. रिटायर व्हायला चौदा महिने आहेत, तोवर मी तरी टिकतो का बघू."

आई हसली. मी नाही हसले. तेव्हा मला हसणंसुद्धा ढिलाई वाटायला लागली होती.

दिवाळीत शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. काकू पुण्याच्या, त्यांचे यजमान बाबांच्याच खात्यात. नऊ वर्षं आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत आहे आणि मागच्या बाल्कन्यांमध्ये एक लोखंडी जाळी. दार मी उघडलं. त्यांच्या हातात चकल्या, शंकरपाळे, वर क्रोशाचा रुमाल.

मी विचारलं, "काकू, हे देवापुढे ठेवलेलं आहे का?"

"अगं, चकली आहे ती! देवापुढे कशाला ठेवू? देवाला दात आहेत का माझ्यासारखे?" त्या मोठ्यानं हसल्या.

"नाही, म्हणजे... आम्ही नाही घेऊ शकणार."

त्यांचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं, आणि ताट त्यांनी अर्धी वीत मागे घेतलं. तेवढ्यात आई ओले हात पुसत आली. दोन्ही हातांनी ताट घेतलं. "सकाळपासून वाट बघतेय चकलीची," म्हणाली. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या गेल्यावर बाबांनी चार चकल्या खाल्ल्या, प्रत्येक माझ्याकडे बघत, कडाकड.

त्यानंतर दोन आठवड्यांनी गाण्याची पाळी आली.

बसमधल्या आवाजानं आदल्या दिवशी सुरांबद्दल सांगितलं होतं. शब्द बदलले तरी चाल जिथून आली तिथलंच काहीतरी घेऊन येते, असं त्याचं म्हणणं. सकाळी मी बूट घालत होते. आई पाचव्या कडव्यात होती. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आई, ही चाल आपली नाहीये. ह्या ओव्या इतर देवांच्याच आहेत. तू फक्त नाव बदलून तेच म्हणतेस."

लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, गाण्याशिवाय.

"बरं," आई म्हणाली. डबा दिला. "स्कार्फ घे, धूर आहे बाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून फक्त एक्झॉस्ट पंख्याचा आवाज आला. मला आधी वाटलं, ऐकलं तिनं. जिंकल्यासारखं वाटलं, ते मी लपवत नाही. पण त्या दिवशी बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलंच नाही आणि मला बूट घालायला उशीर झाला. बस पकडायला मी पळाले. तिसऱ्या दिवशी मी फोनवर सहा पंचविसाचा गजर लावला.

आई रुसली नव्हती. बोलायची, विचारायची, संध्याकाळच्या उपासनेत वचनं वाचायची. पण गीत म्हणायची वेळ आली की म्हणे, "आज तुम्हीच म्हणा." बाबांचा आवाज म्हणजे स्कूटर सुरू होत नसल्यासारखा. आम्ही दोघं कसंबसं दोन कडवी ओढायचो आणि प्रार्थनेकडे वळायचो.

एका सकाळी मागच्या बाल्कनीत कपडे घेताना जाळीपलीकडून काकूंनी विचारलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलत होत्या. "काय गं, आईचा घसा धरलाय का?"

"हो, काकू. प्रदूषण."

दिल्लीत नोव्हेंबरमध्ये हे कारण कुणालाही पटतं. काकू म्हणाल्या, "तिला ज्येष्ठमध दे. माझा सकाळचा चहा बेचव होतोय. नऊ वर्षांची सवय आहे, तिसऱ्या कडव्याला मी पत्ती टाकते." आणि जाळीतून त्यांनी ज्येष्ठमधाची पुडी दिली. मी ती घेतली. खोटं बोलून घेतलेली ती पुडी मी आईला दिली नाही. माझ्या टेबलाच्या खणात ती बरेच दिवस पडून होती.

मग डिसेंबर आला. दिल्लीतली आमची मराठी मंडळी लहानशी, सगळी धरून तीस-पस्तीस माणसं. आमचं स्वतःचं चर्च नाही. महिन्यातून एकदा, एका मोठ्या चर्चची इंग्रजी आणि हिंदी उपासना आटोपली की दुपारी त्यांच्याच हॉलमध्ये आमची मराठी उपासना होते. एकमेकांना "सलाम" म्हणत म्हातारी माणसं जमतात, हार्मोनियमची पेटी उघडते. नाताळाच्या आधी एक मोठा कार्यक्रम असतो, आणि तो दरवर्षी आईच्या गाण्यानं संपतो. ती मागच्या रांगेतून उठून पुढे येते, पेटी थांबवायला सांगते आणि नुसत्या आवाजात ते सहा कडव्यांचं गाणं म्हणते. ध्रुपदाला सगळे साथ देतात.

कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंचा फोन आला तेव्हा मी बैठकीतच होते. आईचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"सलाम बाई... हो, ठीक... नाही, यंदा दुसऱ्या कुणाला द्या... नाही नाही, तब्येत बरी आहे... मला जरा खात्री नाही, म्हणून."

तिनं फोन ठेवला आणि भाजी चिरायला गेली. बाबांनी चष्मा काढला. खालच्या आवाजात, पहिल्यांदाच विनोद न करता म्हणाले, "मावशी गेली तेव्हा ही तिच्या उशाशी बसून तेच गाणं म्हणत होती. तुला माहीत नव्हतं. आता आहे."

मी काय करायला हवं ते मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. कळलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तोच आवाज लावला, जास्त मोठा करून. आपण जे केलं ते बरोबर होतं असं कुणीतरी सांगावं, एवढंच मला हवं होतं.

बसमध्ये माझ्या शेजारी मुनिरक्यातच राहणारी एक दीदी बसते. आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर वीस वर्षं काढलेली बाई. प्रत्येक भाग ती गेजमध्ये, म्हणजे मापाच्या एका लोखंडी साच्यात, बसवून बघते. बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. त्या दिवशी संध्याकाळी परतताना तिनं माझ्या कानातला एक इअरफोन सरळ उपटून काढला.

"कौन है ये, जिसको सुन-सुन के तुम रोज़ सुबह ऐसा मुँह बनाती हो? लगता है पूरी बस का चालान काटोगी."

"कुछ नहीं दीदी. प्रवचन है."

"अच्छा? हमारे यहाँ तो प्रवचन सुन के आदमी थोड़ा ढीला होता है." ती हसली आणि मग स्वतःचंच रडगाणं सांगायला लागली. "मेरा तो आज दिमाग़ ख़राब हो गया. सुबह से सारा माल रिजेक्ट. एक-एक पीस लाल पेटी में. लाइनवाले मुझ पे चिल्ला रहे, मैं उन पे. खाने के टाइम ध्यान आया कि यार, सारा माल एक साथ ख़राब थोड़ी होता है. गेज उठा के देखा. किसी के हाथ से गिरा होगा, किनारा मुड़ गया था."

"फिर?"

"फिर क्या. नया गेज निकाला, लाल पेटी उलटाई, सब दोबारा चेक किया. दो-चार पीस छोड़ के सब ठीक था. वीस साल में ये तो पता होना चाहिए था मुझे. सब रिजेक्ट आने लगे तो माल से पहले गेज देखते हैं." ह्या "वीस"वर ती स्वतःच हसली. माझ्याकडून तिनं काही मराठी शब्द उचलले आहेत, ते कुठेही घालते.

मग ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी दुसरा इअरफोनही काढला. बस रजोकरीच्या गर्दीत अडकली होती. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे बघत मी माझी लाल पेटी आठवत बसले. बाबांचा दिवा. काकूंची चकली. मोर. आईचं गाणं. चार महिन्यांत आमच्या घरातलं काहीही माझ्या मापात बसलं नव्हतं. आणि त्या चार महिन्यांत त्या आवाजानं मला एकदाही कुणाच्या दारी काही घेऊन पाठवलं नव्हतं. ऐकून उठले की मी कुणावर तरी नाराज असायचे. आईचं गाणं ऐकून उठायचे तेव्हा, आता आठवतं, मी जिन्यात भेटणाऱ्या झाडूवाल्या काकांना स्वतःहून नमस्ते करायचे. माझ्यासारखीच्या हिशेबात ती मोठी गोष्ट होती. हल्ली करत नव्हते.

त्या शनिवारी सुट्टी होती. दुपारी मागच्या बाल्कनीत ऊन आलं होतं. आई मेथी निवडत बसली होती. जुडीत नेहमीप्रमाणे थोडा चाकवत मिसळलेला, तो ती वेगळा ठेवत होती. मी समोर बसले आणि एक जुडी ओढली.

"आई, तू का गात नाहीस?"

"तूच म्हणालीस ना."

"मी म्हटलं म्हणून?"

"तू म्हणालीस आणि मला उत्तर देता येईना." तिनं माझ्या हातातली काडी काढून टाकली. "देठ जाड आहे तो. इतकी वर्षं म्हणतेय, पण कधी बघितलंच नव्हतं मी काय म्हणतेय ते. मग म्हटलं, गप्प राहून बघावं."

मला वाटत होतं ती दुखावली आहे. होतीच ती. पण तेवढंच नव्हतं. ती आत गेली आणि बाबांच्या ऑफिसची एक जुनी डायरी घेऊन आली. तिच्या गोल अक्षरात सहाच्या सहा कडवी लिहिलेली, प्रत्येक वेगळ्या पानावर. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं काहीतरी. पहिल्याखाली, पाय धुण्याची गोष्ट शास्त्रात कुठे आहे ते. दुसऱ्याखाली लिहिलं होतं, "हे खरं आहे." तिसऱ्याखाली, "पाळकसाहेबांना विचारलं. ठीक."

माझी आई महिनाभर आपलं गाणं तपासत होती. माझ्यासारखी भराभर लाल पेटीत टाकत नव्हती. एकेक ओळ उचलून उजेडात धरत होती.

"आणि चाल?" मी विचारलं.

"चालीचं मला शेवटी मावशीवरून कळलं." आईनं डायरी मांडीवर ठेवली. "मी सुट्टीत तिच्याकडे जायची. बाळंतिणींच्या वॉर्डात ती पहाटे हे म्हणत फिरायची. एकदा एक बाई अडलेली. घाबरून गेली होती, कुणाचं ऐकेना. आमचं गीत तिला कुठून माहीत असणार? पण ही चाल तिच्या आईची होती. मावशीनं पहिली ओळ म्हटली आणि त्या बाईनं पुढची घेतली. तिचे शब्द वेगळे, तिच्या घरचे. मावशीनं तिला थांबवलं नाही. दोघी आपापलं म्हणत राहिल्या. मी दाराशी उभी होते, दहा वर्षांची. मावशीनं इंग्रजी चालीत काही म्हटलं असतं तर ती बाई एकटीच राहिली असती गं."

पलीकडे काकूंच्या घरात मिक्सर सुरू झाला आणि बंद झाला.

"मग सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "मग गा ना."

"सगळं नाही." तिनं चौथ्या कडव्याचं पान उघडलं. त्याखाली पेन्सिलीनं काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त एक आडवी रेघ. "हे वाच."

मी वाचलं. मला ते पाठ होतं, लहानपणापासून. त्यात शेजारणीच्या देवाची टर उडवली होती. ती दगडापुढे दिवा लावते आणि दगड काही बोलत नाही, अशा अर्थाचं. चार ओळी, यमक झकास. मी त्या हजारदा ऐकल्या होत्या आणि त्या काय म्हणतात हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

"मावशी हे घरी म्हणायची," आई म्हणाली. "वॉर्डात कधीच नाही. हे मला आत्ता आठवलं, लिहिताना. म्हणजे तिलाही ठाऊक होतं." मग तिनं लोखंडी जाळीकडे हनुवटी केली आणि आवाज एकदम खाली आणला. "ती तिथं चहा करत उभी असते. नऊ वर्षं मी हे तिच्या कानात घालतेय. तू तिला एकदाच 'नको' म्हणालीस. मी रोज."

तिचे डोळे भरले होते. माझेही. मी मेथीच्या ढिगात हात घालून म्हटलं, "आई, मी चुकले."

"बोलण्यात चुकलीस. विचारलंस ते बरं केलंस." तिनं नाक पदराला पुसलं. "त्या तुझ्या फोनमधल्या माणसालाही सगळाच टाकू नकोस. पारखून घे, हे तर तो खरंच सांगतो. फक्त त्यालाही पारख." मग माझ्यापुढचा ढीग बघून म्हणाली, "आणि चाकवत टाकू नकोस गं, तो वेगळा ठेवलाय मी. संध्याकाळी त्याची पातळ भाजी करते."

सोमवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले आणि आई गायला लागली. आवाज जरा बसका, महिनाभर न वापरलेला. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला, पण पान उलटलं नाही. तिसऱ्या कडव्याला भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, आपल्याच घरात पण आम्हाला ऐकू येईल असा: "आला हो घसा! चला, पत्ती टाकते!"

नाताळाच्या कार्यक्रमात आईनं पाच कडवी म्हटली. आमच्या मंडळीतले एक आजोबा, ज्यांना सगळं पाठ असतं, खाली बसता बसता म्हणाले, "सलाम ताई, एक राहिलं."

"राहिलं नाही दादा," आई म्हणाली. "काढलं."

आजोबा क्षणभर ओठ हलवत मनात काहीतरी म्हणून बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि विषय जेवणाकडे नेला.

दिवाळीचं ताट आमच्याकडेच होतं. रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आई दरवर्षी नाताळात ते करंज्यांनी भरून पाठवते. यंदा ते मी घेऊन गेले. वर तोच क्रोशाचा रुमाल, धुऊन इस्त्री केलेला. दार काकूंनीच उघडलं.

"देवापुढे ठेवलेलं आहे का?" त्यांनी विचारलं.

माझा चेहरा तापला. "नाही, काकू."

"मग घेऊन जा. आमच्यात देवापुढे ठेवलेलंच खातात." आणि मला तिथंच उभी ठेवून त्या खो खो हसल्या, मग दंडाला धरून आत ओढलं. मी ओट्याशी उभी राहून सॉरी म्हटलं. नीट जमलं नाही, अर्धं इंग्रजीत झालं. त्यांनी करंजी मोडून अर्धी माझ्या हातात दिली आणि चहाचं आधण ठेवलं. गॅसकडे बघतच म्हणाल्या, "सकाळचं गाणं जरा आखूड झालंय."

"हो."

"मधलं एक गेलं."

"हो, काकू."

त्यांनी डब्यातून पत्ती घेतली. चमचा पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की त्यांच्याकडून मी तसा आवाज आधी ऐकला नव्हता. मग नेहमीच्या आवाजात, "साखर किती? तुझ्या आईसारखी दीड?"

नऊ वर्षं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तरीही तिसऱ्या कडव्याला पत्ती टाकली होती आणि चौथं संपेपर्यंत चहा उकळू दिला होता. हे मी आईला सांगितलं. तिनं उठून कपाटातला पितळी दिवा काढला, पुसला आणि रिमोट त्यात ठेवला.

आता एकाच गोष्टीची तक्रार आहे, आणि ती बाबांची. कडव्यागणिक एक पोळी हे आईच्या हाताला इतकं बसलंय की पाच कडवी झाली की ती गॅस बंद करते. "कडवं काढलंत, मान्य," बाबा म्हणतात, "पण माझी पोळी कुठल्या आदेशानं काढली?" आई रोज म्हणते, उद्या आठवणीनं करते.

मी मात्र त्या एका कडव्याएवढी लवकर निघते. स्टॉपवर पोहोचते तेव्हा बसला अजून वेळ असतो. मुनिरक्यात खोल्या करून राहणारी मुलं टपरीवर चहा पीत उभी असतात, धुक्यात समोरचा रस्ताही दिसत नाही. इअरफोन पिशवीत असतात. कधी बसमध्ये लावते, कधी नाही. बस दिसेपर्यंत मी पाचही कडवी तोंडातल्या तोंडात म्हणून बघते. दीदी आली की विचारते, "आज किसका चालान?" मी म्हणते, "आज छुट्टी है, दीदी," आणि तिला खिडकीची जागा देते.